घरगुती घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रासाठी आपत्कालीन आराखडा कसा तयार करावा

कारखान्यात कोणती रसायने आहेत, किती आहेत आणि कुठे ठेवली आहेत, याची यादी असते. घरगुती घातक कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर सकाळी दार उघडताना अशी यादी कोणाकडेच नसते. जिन्याखाली, माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेले रंगाचे डबे, थिनर, कीटकनाशके, फरशी साफ करण्याची आम्ले, ब्लीच, फुगलेल्या बॅटऱ्या, पाऱ्याचे तापमापक आणि लेबल पुसून गेलेल्या बाटल्या लोक एकाच खोक्यात भरून आणतात, आणि त्या खोक्यात एकमेकांशेजारी काय ठेवले गेले आहे हे बहुतेकदा आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून या केंद्राचा आराखडा ‘अमुक पदार्थ सांडला तर’ येथून सुरू करून चालत नाही. काय सांडले आहे हे माहीत नसताना पहिल्या दोन मिनिटांत कोणी काय करायचे, हे त्यात सर्वांत आधी यायला हवे. त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट लिहिलेली हवी, जी बहुतेक आराखड्यांत सापडत नाही: आपण स्वतः कुठपर्यंत हात घालायचा आणि कोणत्या क्षणी मागे सरायचे.

आधी जागा पायी फिरून पाहावी

कागदावर काही लिहिण्यापूर्वी केंद्राची जागा दोनदा फिरून पाहावी, एकदा ती रिकामी असताना आणि एकदा कामाच्या ऐन गर्दीत. गाड्यांची रांग, माल उतरवण्याची जागा, वर्गीकरणाचे टेबल, साठवणीची खोली, वीज तोडण्याचे मुख्य बटण, पाण्याचा मुख्य नळ आणि प्रत्येक गटाराचे तोंड हे सारे साध्या नकाशावर दाखवावे. जमिनीचा उतार बाणाने दाखवायला विसरू नये. सांडलेला द्रव कोणत्या दिशेने वाहत जाईल हे आधीच कळले, तर गटाराचे तोंड झाकणारी रबरी चटई नेमकी कुठे ठेवायची हे आपोआप ठरते.

एकत्र जमण्याची ठिकाणे दोन असावीत आणि ती केंद्राच्या विरुद्ध दिशांना असावीत, कारण विषारी वायू ज्या बाजूला वाहतो त्या बाजूचे ठिकाण निरुपयोगी ठरते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी झोळी उंच खांबावर, सर्वांना दिसेल अशी लावावी. तिचा खर्च नगण्य असतो आणि घाईच्या क्षणी तिच्याइतके स्पष्ट उत्तर दुसरे काही देत नाही.

रांगेतील नागरिक हा या केंद्राचा सर्वांत नाजूक भाग आहे. त्यांना प्रशिक्षण नसते, अंगावर संरक्षक कपडे नसतात आणि सोबत अनेकदा मुले असतात. गाड्यांचा मार्ग एकेरी ठेवावा, म्हणजे बाहेर पडताना कोणालाही गाडी मागे घ्यावी लागणार नाही. माल उतरवताना इंजिन बंद ठेवण्याचा आणि धूम्रपान न करण्याचा नियम फलकावर लिहून थांबू नये; प्रत्येक गाडीजवळ जाऊन तो सांगावा. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत जाऊन बऱ्याच अंतरावरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

आग विझवण्यासाठी वापरलेले पाणी कुठे जाईल, हा प्रश्न याच फेरीत सोडवावा. 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल शहराजवळ एका रासायनिक गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगे ऱ्हाईन नदीत गेली, नदीचे पाणी तांबडे झाले आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूला शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. संकलन केंद्रावरचा साठा त्या मानाने अगदी लहान असतो, पण उघड्या गटारातून जवळच्या ओढ्यात जाणारे पाणी त्याच मार्गाने जाते. पाणी अडवण्यासाठी कडेला उंचवटा, बंद करता येणारी गटाराची झडप किंवा निदान वाळूच्या पिशव्या यांपैकी एक तरी सोय आधीच केलेली असावी.

काय बिघडू शकते

येथे घाई करू नये. आराखडा लिहिणाऱ्यांनी आणि वर्गीकरणाचे काम करणाऱ्यांनी एकत्र बसून संभाव्य अपघातांची यादी करावी. टेबलावर रोज हात घालणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते, ते कार्यालयात बसून सुचत नाही.

सर्वांत नेहमीचा धोका दोन पदार्थ एकमेकांत मिसळण्याचा असतो. ब्लीच आणि आम्लयुक्त सफाईद्रव एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनच्या वाफा निघतात. दोन्ही वायू डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतात, आणि हे सारे नागरिकाच्या गाडीच्या डिकीतच, खोके हलवताना घडू शकते. त्यामुळे खोके उतरवणाऱ्याने आधी वास, धूर, ओल आणि फुगलेली झाकणे यांची नजरेनेच तपासणी करावी. वास ओळखण्यासाठी बाटली नाकाजवळ कधीही नेऊ नये.

जलतरण तलावात टाकायची क्लोरीनची भुकटी, म्हणजे बहुधा कॅल्शियम हायपोक्लोराइट, ही दुसरी मोठी काळजी आहे. ब्रेक ऑइल किंवा तत्सम सेंद्रिय द्रवाचा तिला स्पर्श झाला, तर सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते आणि थोड्या वेळाने ती अचानक भडकते. हा मधला शांत वेळच फसवा असतो. अशी आग भरपूर पाण्याने विझवावी लागते. नेहमीच्या अग्निशमन सिलिंडरमध्ये असणाऱ्या एबीसी भुकटीत अमोनियमचे क्षार असतात आणि ते हायपोक्लोराइटशी धोकादायक रीतीने अभिक्रिया करतात, म्हणून त्या खोलीजवळ एबीसी सिलिंडर ठेवलेला असला तरी तो क्लोरीनच्या भुकटीवर वापरायचा नाही, हे दारावरच मोठ्या अक्षरांत लिहावे.

लिथियम-आयन बॅटऱ्या दाबल्या गेल्या, भोसकल्या गेल्या किंवा त्यांच्या टोकांचा एकमेकांशी स्पर्श झाला, तर आतली उष्णता स्वतःलाच वाढवत जाते आणि विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनंतर पुन्हा पेटू शकते. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेल्या आणि खराब झालेल्या बॅटऱ्या कोरड्या वाळूत, उघड्यावर आणि इमारतीपासून दूर ठेवाव्यात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचेही तसेच आहे: ढिगाऱ्यात पडल्या की वाळता वाळता त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात, म्हणून त्या पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

काही पदार्थांच्या बाबतीत आपली नेहमीची सवयच घात करते. धान्य टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओलावा लागला की फॉस्फिन हा अत्यंत विषारी आणि ज्वलनशील वायू सुटतो, त्यामुळे तेथे पाणी मारणे म्हणजे संकट वाढवणे होय. गंज काढण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेवर पडले तरी वेदना काही तास जाणवत नाहीत आणि तोवर ते आत खोल उतरून शरीरातील कॅल्शियम ओढून घेत असते. जुन्या ईथरच्या बाटलीच्या झाकणाभोवती स्फटिक दिसले, तर ती बाटली उघडू नये, हलवूही नये; त्या स्फटिकांना साधा धक्काही स्फोटासाठी पुरेसा असतो.

दारूगोळा, फटाके, संकटसूचक प्रकाशनळ्या, भरलेले वायूचे सिलिंडर आणि किरणोत्सारी वस्तू बहुतेक केंद्रे नाकारतात. ते योग्यच आहे, पण नुसते नाकारून आराखडा पूर्ण होत नाही. गळका डबा किंवा स्फटिक धरलेली बाटली नागरिकाला परत गाडीत ठेवायला सांगणे म्हणजे तो धोका रस्त्यावर पाठवणे आहे. माझ्या मते ही या कामातली सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. अशी वस्तू जिथे आहे तिथेच ठेवावी, गाडी रांगेतून बाजूला घ्यावी, लोकांना दूर करावे आणि संबंधित तज्ज्ञ पथकाला बोलवावे.

रेषा कुठे ओढायची

आता आराखड्याचा गाभा. कोणती गळती केंद्रातील माणसांनी स्वतः आवरायची, हे पाच अटींनी ठरवावे: पदार्थ निश्चितपणे ओळखलेला आहे, त्याचे प्रमाण आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे, आग, धूर, फेस किंवा वायू नाही, कोणालाही इजा झालेली नाही, आणि योग्य संरक्षक साधने घातलेली दोन प्रशिक्षित माणसे हजर आहेत. प्रमाणाची मर्यादा प्रत्येक केंद्राने आपल्या साधनांप्रमाणे ठरवावी, मात्र ती लिटरमध्ये लिहावी. ‘लहान गळती’ असा शब्द लिहिला की प्रत्येक जण त्याचा अर्थ आपल्या धाडसाप्रमाणे लावतो. या पाचांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल, तर काम थांबवून सर्वांनी मागे सरायचे आणि अग्निशमन दलाला बोलवायचे.

मागे म्हणजे किती मागे, हेही आकड्यात असावे. रासायनिक वाहतुकीच्या अपघातांसाठी उत्तर अमेरिकेत वापरली जाणारी आपत्कालीन मार्गदर्शिका अनोळखी पदार्थासाठी सर्व दिशांना किमान 100 मीटर जागा मोकळी करायला सांगते. केंद्राच्या नकाशावर टेबल आणि साठवणीची खोली या दोन केंद्रबिंदूंभोवती 100 मीटरचे वर्तुळ काढून पाहावे. बऱ्याच ठिकाणी रांगेची शेपटी, शेजारचा रस्ता किंवा एखादी शाळा त्या वर्तुळात येते, आणि तेव्हाच लक्षात येते की आराखडा शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय पुरा होणार नाही.

काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा, मग तो आजच रुजू झालेला स्वयंसेवक का असेना. त्याने ‘थांबा’ म्हटल्यावर सर्वांनी थांबायचे आणि कारण नंतर विचारायचे. ज्याने विनाकारण थांबवले असे पुढे सिद्ध झाले, त्याला बोल लावू नये. एकदा बोल लावला की पुढच्या खेपेला तो गप्प राहील.

कोणी काय करायचे

एक आपत्कालीन समन्वयक आणि त्याचा पर्यायी माणूस अशी दोन नावे रोज सकाळी फळ्यावर लिहावीत आणि त्यांपैकी एक जण केंद्र उघडे असेपर्यंत जागेवर असावा. बाकीची कामे माणसांपेक्षा जागांना वाटावीत: प्रवेशद्वारावर जो असेल त्याने नवीन गाड्या अडवायच्या, रांगेजवळ जो असेल त्याने नागरिकांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न्यायचे, नोंदवहीजवळ जो असेल त्याने फोन करायचा. माणसे रोज बदलतात, जागा बदलत नाहीत. एका माणसाने मात्र रस्त्यावर उभे राहून अग्निशमन दलाच्या गाडीची वाट पाहायची, तिला योग्य फाटकातून आत घ्यायचे आणि नकाशा व साठ्याची नोंद अधिकाऱ्याच्या हाती द्यायची.

ही नोंद साठवणीच्या खोलीत ठेवली तर आग लागल्यावर ती मिळणार नाही. कोणत्या पिंपात कोणत्या वर्गाचा कचरा किती आहे, याची प्रत दर तासाला अद्ययावत करून फाटकापाशी ठेवावी. फोन करताना सांगायचा मजकूरही फोनशेजारी लिहून लावावा: केंद्राचा पूर्ण पत्ता, काय दिसते आहे, जखमी किती, कोणत्या वर्गाचा पदार्थ असण्याची शक्यता आहे, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे आणि कोणत्या फाटकातून यायचे. स्थानिक आपत्कालीन क्रमांकाबरोबर विषबाधा माहिती केंद्राचा क्रमांकही तेथेच असावा.

गळती, आग आणि बाधित व्यक्ती

आटोक्यातली गळती आवरताना आधी गटाराचे तोंड झाकावे, मग कडेने बांध घालून आत सरकत यावे. कोरडी वाळू, व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषून घेणारे हलके खनिज) किंवा दुसरा खनिज शोषक बहुतेक पदार्थांना चालतो. लाकडाचा भुसा ऑक्सिडीकारक पदार्थांवर (म्हणजे दुसऱ्या पदार्थांच्या जळण्याला चालना देणाऱ्या पदार्थांवर) किंवा नायट्रिक आम्लावर कधीही टाकू नये, कारण तो पेट घेऊ शकतो. म्हणून केंद्रावर भुसा ठेवूच नये, हे अधिक सोपे. बॅटरीतील आम्लावर खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकत फेस शमेपर्यंत थांबावे. पारा सांडला तर झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य आहेत: झाडूने थेंब बारीक होऊन पसरतात आणि व्हॅक्यूममधून त्याची वाफ हवेत फेकली जाते. ताठ पुठ्ठ्याने थेंब एकत्र लोटून ड्रॉपरने उचलावेत आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. उचललेला शोषक, हातमोजे आणि पुसलेले कापड हे सारे आता घातक कचराच असते आणि त्यावर तसे लेबल लावावे लागते.

आगीच्या बाबतीत मी कठोर नियमाच्या बाजूचा आहे. लहान अग्निशमन सिलिंडर साधारण 10 ते 20 सेकंदांत रिकामा होतो. पाठीमागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल आणि आग टोपलीएवढी असेल तरच एक सिलिंडर वापरावा. त्याने आग विझली नाही तर दुसरा शोधत बसू नये, बाहेर पडावे. कीटकनाशके, एरोसॉलचे डबे किंवा वायूचे सिलिंडर जळत असतील तर पहिला सिलिंडरही उचलू नये.

अंगावर रसायन उडालेल्या माणसाला वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटे धरावे आणि भिजलेले कपडे पाणी चालू असतानाच काढावेत. कोरडी भुकटी असेल तर आधी ती झटकावी, मग पाणी घ्यावे. डोळे धुण्याचे साधन टेबलापासून 10 सेकंदांत पोहोचता येईल अशा ठिकाणी, वाटेत दार किंवा पायरी न येता असावे, कारण डोळ्यांत रसायन गेलेल्या माणसाला ते डोळे मिटूनच शोधावे लागते. कॉस्टिक सोड्यासारखे अल्कली आम्लापेक्षा खोल शिरतात, म्हणून 15 मिनिटांनी जळजळ थांबली तरी रुग्णालयात जाईपर्यंत धुणे चालू ठेवावे. हायड्रोफ्लोरिक आम्लाची शंका जरी असली तरी पाण्याने धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळावे आणि वेदना नसल्या तरी रुग्णालयात पाठवावे. कीटकनाशक हाताळलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला किंवा श्वास जड झाला, तर ती विषबाधा समजावी. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. रुग्णासोबत डब्याच्या लेबलाचे छायाचित्र पाठवावे. डबा रुग्णवाहिकेत नेऊ नये.

वायूच्या ढगात कोणी कोसळलेला दिसला की त्याला ओढून आणण्यासाठी धावत जावेसे वाटते. माणूस म्हणून ते स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल आधी, शांत डोक्याने, सर्वांसमोर बोलले गेले पाहिजे. श्वसनसंच नसताना आत गेलेला माणूस बहुधा दुसरा रुग्ण होतो, आणि मग अग्निशमन दलाला एकाऐवजी दोघांना बाहेर काढावे लागते.

साधने

गळती आवरण्याची पेटी वर्गीकरणाच्या टेबलाखाली ठेवण्याचा मोह होतो, पण टेबलावरच वायू सुटला तर ती पेटी ढगाच्या आत राहते. एक पेटी टेबलापासून काही अंतरावर आणि दुसरी फाटकापाशी ठेवावी. द्रवांच्या पिंपांखालील तसराळ्यात सर्वांत मोठ्या पिंपाच्या 110 टक्के द्रव मावेल एवढी जागा असावी आणि आम्ले, अल्कली, ज्वलनशील द्रव व ऑक्सिडीकारक यांची तसराळी वेगवेगळी असावीत. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलवरील मुदतीची तारीख महिन्यातून एकदा पाहावी.

बाहेरच्यांशी आधी बोलणे आणि रंगीत तालीम

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना कामाच्या दिवशी केंद्रावर बोलवावे आणि सगळी जागा दाखवावी. नकाशा टपालाने पाठवणे आणि त्यांनी स्वतः गटाराचे तोंड पाहणे यांत फार अंतर आहे. जवळच्या रुग्णालयाला येथे कोणत्या प्रकारचा कचरा येतो ते कळवावे आणि रसायनाने भिजलेल्या रुग्णाला आत घेण्यापूर्वी ते कुठे धुणार हे विचारून ठेवावे. शेजाऱ्यांना एकच गोष्ट नीट सांगावी: अमुक आवाजाचा भोंगा वाजला तर घरात जाऊन दारे-खिडक्या आणि पंखे बंद करायचे आणि पुढची सूचना येईपर्यंत बाहेर पडायचे नाही.

तालीम वर्षातून निदान दोनदा घ्यावी आणि त्यांपैकी एक पूर्वसूचना न देता घ्यावी. रंगीत पाण्याची बाटली टेबलावर आडवी करावी आणि घड्याळ लावावे: पहिला ‘थांबा’ किती सेकंदांनी आला, गटाराचे तोंड किती वेळात झाकले गेले, रांगेतील शेवटची गाडी किती वेळात बाहेर पडली, आणि जमण्याच्या ठिकाणी शिरगणती पूर्ण व्हायला किती मिनिटे लागली. दुसऱ्या तालमीत समन्वयकालाच ‘जखमी’ ठरवावे. पर्यायी माणूस खरोखर तयार आहे की त्याचे नाव केवळ फळ्यावर आहे, ते तेव्हा उघड होते. जाड फाइलमधला आराखडा तपासणीसाठी असू द्यावा, पण टेबलाजवळच्या भिंतीवर एकाच पानाचा, मोठ्या अक्षरांतला सारांश लावावा, आणि रोज सकाळच्या पाच मिनिटांत तो मोठ्याने वाचून वाऱ्याची दिशा व त्या दिवशीचे जमण्याचे ठिकाण सांगावे.

घटना घडून गेल्यावर

अग्निशमन दलाने जागा सुरक्षित असल्याचे सांगेपर्यंत केंद्र उघडू नये, रांगेतील लोक कितीही खोळंबले असले तरी. त्याच दिवशी, स्मृती ताजी असताना, प्रत्येकाने पाहिलेले आणि केलेले स्वतंत्रपणे लिहून द्यावे; एकत्र बसून लिहिले की सगळ्यांचे वर्णन एकसारखे होते आणि नेमकी चूक झाकली जाते. किरकोळ गळती आणि थोडक्यात टळलेले प्रसंगही याच वहीत यावेत. वायूच्या संपर्कात आलेल्यांवर पुढचा एक दिवस लक्ष ठेवावे, कारण क्लोरीनसारख्या वायूने फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. वापरलेला शोषक, हातमोजे, जेल आणि सिलिंडर पुन्हा भरून, भिंतीवरच्या पानात आवश्यक तो बदल करून त्यावर नवी तारीख घातल्यानंतरच फाटक उघडावे.